पोटाच्या सीटी स्कॅनमधील निदानचुका

पोटाच्या सीटी स्कॅनचे वाचन करताना एखादी विकृती नजरेतून सुटणे किंवा दिसूनही तिचा चुकीचा अर्थ लावला जाणे. एका तपासणीत शेकडो छेदप्रतिमा असतात. एक दोष सापडला की शोध तेथेच थांबण्याचा धोका असतो : मूतखडा दिसतो आणि फुप्फुसाच्या तळाची गाठ राहून जाते. म्हणून यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, मूत्रपिंडे, आतडी, रक्तवाहिन्या व हाडे ठरलेल्या क्रमाने पाहतात.

क्ष-किरणांच्या शोषणानुसार घनतेला आकडा देणाऱ्या हाउन्सफील्ड श्रेणीत पाणी ०, चरबी सुमारे −१०० व हवा −१,००० असते. नेहमीच्या मृदू-ऊतक विंडोत (विंडो म्हणजे पडद्यावर करड्या छटांत दाखवायचा आकड्यांचा पट्टा) चरबी काळपट दिसल्याने फुटलेल्या आतड्यातून निसटलेले हवेचे बारीक बुडबुडे तिच्यात लपतात. फुप्फुस-विंडोत ते उठून दिसतात. मिटलेले आतड्याचे वेटोळे गाठीसारखे भासते. लगतच्या छेदांतून मागोवा घेतल्यास उलगडा होतो. रक्तवाहिन्या उठून दाखवणाऱ्या कॉन्ट्रास्ट द्रव्याविना आतड्याच्या धमनीतील गुठळी सुटू शकते. रुग्णाची लक्षणे, पूर्वीची शस्त्रक्रिया व जुने स्कॅन हाताशी असल्यास चुका कमी होतात. लक्षणे व अहवाल जुळत नसतील, तर प्रतिमा पुन्हा वाचणे आवश्यक ठरते.