कृष्णाकाठचे गुऱ्हाळ: भेंडी, चुना आणि मळी

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील गुळाचा इतिहास सहसा पेठांच्या उलाढालीतून आणि पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या उदयातून सांगितला जातो, आणि रस आटवण्याच्या काहिलीत प्रत्यक्ष काय घडत होते हा प्रश्न त्यात मागे पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कराडजवळ खोडशी येथे बंधारा घालून काढलेल्या कालव्यामुळे कराड-वाळवा भागातील बागायताला स्थैर्य आले. १९१० मध्ये औंध संस्थानात वसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगरांच्या जोडीने उसाचे चरकही तयार होऊ लागले, आणि लाकडी घाण्याचे दिवस सरत गेले. मात्र पिळणी जितकी जोरकस, तितका उसाच्या सालीतील गाळही रसात अधिक उतरतो, त्यामुळे रस निवळण्याचे काम चरकाने हलके केले नाही. ते गुळव्याकडेच राहिले.

गुळव्या म्हणजे उकळत्या रसाचे आधण उतरवण्याची वेळ ठरवणारा जाणकार. रस तापू लागला की तो त्यात रानभेंडीचे पाणी घालीत असे. त्यासाठी भेंडीची हिरवी ताटे ठेचून पाण्यात भिजवली व चोळली जात, आणि बोटांना तार सुटेल इतके बुळबुळीत झालेले ते पाणी गाळून घेतले जाई. त्याच्या जोडीला चुन्याची निवळी, म्हणजे चुना खाली बसल्यावर वर राहणारे स्वच्छ पाणी, बेताने पडे. थोड्याच वेळात काळपट फेस वर चढे आणि झाऱ्याने ही मळी काढली जाई.

भेंडीचा बुळबुळीतपणा बहुशर्करांचा असतो. बहुशर्करा म्हणजे साखरेच्या असंख्य घटकांची लांब साखळी. या साखळीत गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाचे घटक असून त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. चुन्यातून सुटणाऱ्या कॅल्शियमच्या आयनावर, म्हणजे विद्युतभारित अणूवर, दोन धन भार असल्याने तो शेजारच्या दोन साखळ्यांना एकत्र धरू शकतो. उसाच्या रसात मुळातच भरपूर असलेल्या पोटॅशियमला हे साधत नाही, कारण त्याचा भार एकच आहे. ग्रँट, रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अशा जोडणीला अंडी ठेवण्याच्या खोक्याची उपमा दिली: साखळ्यांच्या वळणांत तयार होणाऱ्या खळग्यांत कॅल्शियम बसतो आणि द्रावणाचा घट्ट जेल होतो. भेंडीच्या साखळीत मात्र मधूनमधून ऱ्हॅम्नोज ही वेगळी शर्करा येत असल्याने खळग्यांची सलग रांग जमत नाही. जेलऐवजी सैल, चिकट पुंजके बनतात, आणि गुऱ्हाळाला हवे असतात ते नेमके हेच, कारण रसातील प्रथिने व गाळ त्यांत अडकून वर येतो. रसातील फॉस्फेटशी कॅल्शियमचा संयोग होऊन बनणारा साकाही त्याच कामी येतो.

चुना रसाचा आंबटपणाही मारतो, त्यामुळे उकळताना साखरेचे विघटन कमी होते. पण तो अधिक झाला की गूळ काळा पडतो. म्हणून निवळीचे प्रमाण रसाचा रंग आणि फेसाची जात पाहून ठरे, एका ठरीव मापाने नव्हे. याला कारण जमीनही होती. अतिसिंचनाने खारवटलेल्या कृष्णाकाठच्या शेतांतील उसात सोडियम व क्लोराइड अधिक उतरतात. त्या रसाचा गूळ खारट लागतो, नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पाझरतो. आधण तयार झाल्याची खूण म्हणून पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी झाली तरी अशा ढेपेचा भरवसा नसे, आणि गुळव्याचे कसब तिथे थिटे पडे.

पिवळ्याधमक ढेपेला चढा भाव मिळू लागला, तेव्हा भेंडीची जागा अनेक ठिकाणी सोडियम हायड्रोसल्फाइटने, गुऱ्हाळाच्या भाषेत ‘हायड्रॉस’ने घेतली. ही पूड रंग उडवते, मळी मात्र बांधत नाही. त्यामुळे निवळण्यात कसर राहिली तर ती रंगाखाली झाकली जाते, आणि साठवणीत ढेप पुन्हा काळवंडू लागते.