छापखान्याच्या चाव्या

सोलापूरचा मार्शल लॉ म्हटले की टोपी आणि झेंडा आठवतो. 12 मे 1930 पासून 30 जूनपर्यंत गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरत होता. पण तोंड बंद करण्याचे खरे तंत्र त्याआधीच तयार होते. 1910 च्या प्रेस कायद्यात नवा छापखाना काढणाऱ्याकडून 500 ते 2000 रुपये जामीन मागता येई आणि सरकारला न रुचणारे छापले की तो जप्त होई. एप्रिल 1930 च्या वटहुकुमाने हेच हत्यार पुन्हा बाहेर काढले. लेखकाला धमकावण्याची गरजच उरत नसे. खिळे जुळवायला सांगण्याआधी मालकच मजकुरावर काट मारी. सोलापूरच्या ‘कर्मयोगी’ या पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना शिक्षा झाली, ती अशी काट न मारता छापल्यामुळे.

आज छापखान्याची जागा घेणारी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकाच मेटा कंपनीची आहेत. कोणी म्हणेल, कंपनी तुरुंगात टाकत नाही, आणि लिहायला पैसेही लागत नाहीत. दोन्ही खरे आहे. पण तेव्हा एका छापखान्याने नकार दिला तर दुसऱ्याचे दार ठोठावता येई. आज कोणती पोस्ट किती जणांपुढे जावी हे कंपनी ठरवते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली सरकार तिलाच मजकूर रोखायला सांगते. चाव्या एकाच जुडग्यात असल्या की काम सोपे होते. ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवणाऱ्या कुर्बान हुसेन यांच्या सोलापूरने तरी हे मुकाट्याने मान्य करू नये.