मेणबत्तीपाशी शिकवलेला धडा

स्थायू, द्रव, वायू हा धडा शाळेत दोन तासिकांत उरकतो. तीन व्याख्या, तीन चौकोनांत कमी-जास्त दाटीचे ठिपके, मग रिकाम्या जागा भरा. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये हाच विषय मुलांसमोर आला तेव्हा त्यात व्याख्या कमी आणि शंका जास्त होत्या.

शंका होत्या एका पुस्तकातल्या कॅरोलाइन आणि एमिली या दोन मुलींच्या. जेन मार्सेट या डॉक्टरच्या पत्नीने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनतज्ज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली होती. प्रयोग भराभर होत, नीट उमजत नसत. घरी कुणाशी बोलल्यावर मात्र उलगडा होई. म्हणून त्यांनी १८०५-०६ मध्ये रसायनशास्त्राचं पुस्तक लिहिलं तेच संभाषणाच्या रूपात, आणि तेही निनावी. एमिली मन लावून शिकणारी, तर कॅरोलाइन पटकन काही पटवून न घेणारी. पुस्तकाची खरी जान तीच. बर्फाचं पाणी आणि पाण्याची वाफ का होते, तर पदार्थात ‘कॅलरिक’ नावाचं उष्णतेचं द्रव्य शिरतं, असं पुस्तकातल्या शिक्षिकाबाई सांगतात. हे द्रव्य पुढे विज्ञानाने निकालात काढलं, पण पुस्तक खपतच राहिलं. १८३०च्या दशकात मुंबईत हरि केशवजींनी मार्सेटबाईंचे विज्ञानसंवाद मराठीतही आणले.

त्याआधी ते पुस्तक लंडनमधल्या एका बुकबाइंडरच्या उमेदवाराच्या हाती पडलं होतं. बांधणीला आलेली पुस्तकं वाचायची त्याला सवय होती. यातली विधानं त्याने परवडतील तेवढे छोटे प्रयोग करून तपासली, आणि ती खरी निघाली. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरेडे. पुढे नावारूपाला आल्यावरही तो आपले शोधनिबंध मार्सेटबाईंना पाठवत असे.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होत. फॅरेडेने १८६०-६१ च्या मोसमात सहा व्याख्यानं दिली ती नुसत्या मेणबत्तीवर. जळत्या मेणबत्तीच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा होतो नि त्यात वितळलेलं मेण साठतं. ते ओघळून का जात नाही? ज्योतीमुळे वर चढणारी हवा मेणबत्तीच्या कडा गार ठेवते, म्हणून वाटीचा काठ टिकतो. नक्षीदार, खाचांच्या शोभिवंत मेणबत्त्यांना हा काठ नीट धरत नाही, त्या ओघळतात. फॅरेडेने त्यांना नापासच केलं. वातीतून द्रव वर कसा चढतो हे दाखवायला त्याने मिठाचा खांब निळ्या रंगाच्या मिठाच्या पाण्यात उभा केला. पाणी सावकाश वर चढताना मुलांना दिसलं.

मग वायूची पाळी. मेणबत्ती हलकेच विझवली की वातीतून पांढरी रेघ वर जाते. जळती काडी वातीला न लावता, दोन-तीन इंच दूर त्या रेघेत धरली, तर आग रेघेवरून धावत जाऊन वात पुन्हा पेटवते. ती रेघ म्हणजे मेणाची वाफ. ज्योतीच्या मधोमध वाकडी काचनळी धरून त्याने ही वाफ बाटलीत उतरवली, आणि तिथे तिचं पुन्हा मेण झालं. इथवर मुलांना एकही व्याख्या पाठ करावी लागली नव्हती.

पाण्याला त्याने आणखी धसमुसळेपणाने वागवलं. जाड बिडाच्या बाटलीत पाणी गच्च भरून ती बर्फ आणि मिठात ठेवली, तर आतलं पाणी गोठताना फुगलं आणि बाटली फुटली. एक घन इंच पाण्याची जवळपास एक घन फूट वाफ होते, हेही त्याने सांगितलं. आज अशी बाटली वर्गात फोडायला कुठलाही मुख्याध्यापक परवानगी देणार नाही, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

या व्याख्यानांचं पुस्तक विल्यम क्रुक्स याने १८६१ मध्ये संपादित केलं. स्थायू, द्रव, वायू या तिन्हींच्या पुढे चौथीही अवस्था असेल, असं फॅरेडेने ऐन तरुणपणी सुचवून तिला ‘रेडियंट मॅटर’ म्हटलं होतं. क्रुक्सने १८७९ साली शेफील्डच्या व्याख्यानात तेच नाव उचललं आणि जवळजवळ निर्वात केलेल्या काचनळ्यांतला चमकता प्रकाश श्रोत्यांना दाखवला. तशाच नळ्यांतल्या किरणांचा अभ्यास करून जे. जे. थॉमसन १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनपर्यंत पोचला.