हौशी बिनतारीकारांच्या श्रवणनोंदी : एक साधनविचार

अस्सल कागद आणि बखर यांतील भेद मराठी इतिहासाच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. रेडिओलहरी कोठून कोठवर पोहोचल्या याच्या इतिहासातही हाच भेद करावा लागतो. आपला संदेश समुद्रापार गेला, असे प्रक्षेपकाने म्हणणे ही बखर होय. पलीकडच्या श्रोत्याने वेळेसह करून ठेवलेली नोंद हा कागद होय.

१९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी मंडळींची रवानगी २०० मीटर व त्याहून आखूड तरंगलांबीकडे केली. दूरच्या दळणवळणास या लहरी निरुपयोगी, अशी तत्कालीन तज्ज्ञांची समजूत होती. फेब्रुवारी १९२१ मध्ये अटलांटिकपार संदेश धाडण्याचा पहिला संघटित प्रयत्न फसला. त्यावर अमेरिकन रेडिओ रिले लीगने पॉल गॉडली यांस त्याच वर्षाच्या अखेरीस स्कॉटलंडला पाठविले. आर्ड्रॉसन येथे तंबूत बसून डिसेंबरात त्यांनी कनेक्टिकटमधील ग्रिनिच येथल्या १बीसीजी या केंद्राचा संपूर्ण संदेश उतरून घेतला. या प्रसंगी मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक साक्षीस होता. शिवाय ब्रिटनमधील काही हौशी श्रोत्यांनीही अमेरिकन केंद्रे स्वतंत्रपणे ऐकली. एका साधनावर विसंबू नये, हा नियम या मंडळींस कोणी शिकविला नव्हता. संशयखोर प्रतिपक्षाने तो त्यांच्याकडून पाळवून घेतला, इतकेच.

पुढे पोचपत्रांची प्रथा रुळली, आणि १९३४ मध्ये वाचनीयता, तीव्रता व स्वर यांचे अंक देणारी आरएसटी पद्धती आली. परंतु स्पर्धांतून सर्वांसच सरसकट ‘५९९’ देण्याचा प्रघात पडला. अशा नोंदवह्यांवरून संपर्क झाला एवढे सिद्ध होते. संकेत किती बलवान होता हे नव्हे. पत्राच्या मायन्यातील ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ वाचून कोणी पत्रधारकाची सांपत्तिक स्थिती ठरवीत नाही, तसेच हे आहे.

२००८ साली जोसेफ टेलर यांनी डब्ल्यूएसपीआर ही पद्धती प्रसिद्ध केली. (युग्म स्पंदताऱ्याच्या शोधासाठी १९९३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल रसेल हल्स यांच्यासह मिळालेले टेलर ते हेच.) सम मिनिटास आरंभ होऊन सुमारे ११० सेकंद चालणाऱ्या या प्रक्षेपणात केंद्राचे संकेतनाम, स्थानचौकट आणि शक्ती एवढेच असते. मानवी कानास न कळणारा क्षीण संकेतही संगणक ओळखतो व त्याची नोंद महाजालावरील सामायिक भांडारात टाकतो. मोर्सचे संकेत आपोआप टिपणारे रिव्हर्स बीकन नेटवर्क त्याच सुमाराचे. येथे शिष्टाचाराचा ‘५९९’ नाही. संकेत व गोंगाट यांचे मोजलेले गुणोत्तर आहे.

तथापि यंत्राने केलेली नोंदही चिकित्सेवाचून स्वीकारता येत नाही. शक्तीचा आकडा प्रक्षेपक स्वतः सांगतो. तो कोणी मोजलेला नसतो. गुणोत्तरात ग्राहकाच्या परिसरातील विद्युत्‌गोंगाटही मिसळलेला असतो, म्हणून सायंकाळी शेजारची उपकरणे सुरू होताच आयनांबर बिघडल्याचा भास होऊ शकतो. सर्वांत मोठा धोका मौनाचा आहे. नोंद नसणे म्हणजे लहर न पोहोचणे नव्हे; कदाचित त्या घटकेस कोणी प्रक्षेपणच केले नसेल, किंवा ऐकणारे कोणी नसेल.

ही अडचण ओळखूनच २१ ऑगस्ट २०१७ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी अमेरिकेत हौशी मंडळींची मुद्दाम स्पर्धा योजण्यात आली. हेतू हा की, नेमक्या त्या तासांत प्रक्षेपकांची वाण पडू नये. नॅथॅनिएल फ्रिसेल व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. १४ मेगॅहर्ट्‌झवरील संपर्क ग्रहणकाळी घटले, तर १.८, ३.५ व ७ मेगॅहर्ट्‌झवर पल्ला वाढला. एकच कारण दोन पट्ट्यांवर विरुद्ध दिशेने दिसावे, हे आयनांबराच्या ज्ञात स्वरूपाशी सुसंगतच आहे. सूर्यप्रकाश ओसरताच खालच्या थरातील शोषण मंदावते आणि खालच्या कंप्रता दूर जातात. वरच्या थरातील इलेक्ट्रॉन कमी होताच वरच्या कंप्रता परतेनाशा होतात. नोंदी केवळ घटल्या असत्या, तर लोक दूरध्वनिक्षेपक सोडून ग्रहण पाहावयास अंगणात गेले, असेही म्हणता आले असते.

भारतीय अभ्यासकास मौनाचा प्रश्न अधिक जाचतो. चुंबकीय विषुववृत्त द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि त्यामुळे उद्भवणारी इलेक्ट्रॉनघनतेची विसंगती आपल्या मध्यभूमीवर उंचावते. आयनांबराचे इतके रंजक क्षेत्र माथ्यावर असता, स्वयंचलित ग्राहकांची दाटी मात्र युरोप व उत्तर अमेरिकेत आहे. या भांडारातून नकाशा काढणाऱ्याने लहरींच्या नोंदींआधी त्या दिवशी कोणते ग्राहक चालू होते, याची यादी काढून घ्यावी.