भंगारातून उठलेलं लिबरेटर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान १८,००० हून अधिक संख्येनं बांधलं. आज जगात त्यातली मोजकीच उरली आहेत. कॅनडातलं ओटावा, अमेरिकेतलं टुसॉन, ब्रिटनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम आणि दिल्लीचं पालम या चारही ठिकाणची लिबरेटर मात्र एकाच घराण्यातली. चौघांनीही अखेरची नोकरी भारतीय हवाई दलात केली, आणि लिबरेटरचा शेवटचा मुक्काम होता पुण्याजवळचं लोहगाव.

हे घराणं सुरू होतं कानपूरच्या भंगारात. युद्धकाळात ब्रिटननं ही विमानं अमेरिकेकडून उसनवारीनं घेतली होती. करार असा, की युद्ध संपलं की ती परत करायची नाहीतर मोडून टाकायची. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर ती रांगेनं उभी करून निकामी केली गेली. उपकरणं फोडली, पत्रा फाडला, इंजिनांत वाळू ओतली.

१९४८ साली नव्या देशाला लांब पल्ल्याची विमानं हवी होती आणि तिजोरीत पैसा नव्हता. म्हणून ही भंगारातली विमानं पुन्हा उभी करण्याचं काम आलं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली उभारलेल्या या कारखान्यानं युद्धात अमेरिकन विमानांची दुरुस्ती केली होती, त्यामुळे कारागिरांचा हात बसलेला होता. आमच्या असोदा गावाकडे विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, तर दुसऱ्या बंद इंजिनाचा भाग काढून ते चालू करतात; कानपुरात तेच झालं, फक्त तिथं एकेका पंखावर दोन-दोन इंजिनं होती. एका विमानाचं चाक, दुसऱ्याची मोटर, तिसऱ्याचा पत्रा जुळवून विमान उडण्याजोगं करायचं आणि पुढच्या पक्क्या दुरुस्तीसाठी बंगळूरला न्यायचं. सुमारे दीड हजार किलोमीटरचा हा प्रवास कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पुन्हा पुन्हा केला. अशी चाळीसच्या आसपास विमानं जिवंत झाली. पहिली सहा १९४८ च्या नोव्हेंबरात पाच क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली.

पुढे लोहगावच्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रननं ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. बाकी जगात बहुतेक लिबरेटर कधीच वितळवून झाली होती. इथं ती १९६८ च्या अखेरपर्यंत उडत राहिली. म्हणूनच संग्रहालयांना जेव्हा एखादं लिबरेटर हवंसं वाटलं, तेव्हा त्यांना भारताचं दार ठोठावावं लागलं. टुसॉनचं विमान १९६९ साली आणि ब्रिटनचं १९७४ साली स्वतःच्या इंजिनांवर उडत गेलं. भारतातच पडून राहिलेलं आणखी एक पुढे परदेशी गेलं. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं ते १९८४ साली घेतलं, खिळ्यापासून नव्यानं बांधलं, आणि १९८९ साली ते पुन्हा आकाशात गेलं.

जुनं विमान जतन करायचं म्हणजे ते आधी कुणीतरी गरजेपोटी दुरुस्त केलेलं, वापरलेलं, सांभाळलेलं असावं लागतं. संग्रहालयाचा रंगारी शेवटी येतो. त्याच्या वीस वर्षं आधी बंगळूरच्या फिटरनं आणि लोहगावच्या मेकॅनिकनं ते विमान वाचवलेलं असतं. लिबरेटरचं कूळ सांगताना अमेरिकेतल्या कारखान्याच्या जोडीनं कानपूर, बंगळूर आणि लोहगाव ही नावं घेतलीच पाहिजेत. ज्यांनी वाचवलं, तेही त्याचे जन्मदातेच.