शिरूर (घोडनदी)

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. घोड नदीच्या उजव्या तीरावर, पुण्याच्या ईशान्येस सुमारे ६७ किमी., पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर. लोकसंख्या सुमारे २७,००० (२००१). तालुक्याची ३,८५,४१४ (२०११). बीड व लातूर जिल्ह्यांतही शिरूर असल्याने या गावाला घोडनदी म्हणण्याची जुनी रीत आहे. नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. पारनेर व श्रीगोंदे तालुक्यांतील कित्येक गावांना स्वतःच्या जिल्ह्याच्या शहरापेक्षा शिरूरची पेठ जवळची, त्यामुळे बाजारात दोन्ही जिल्ह्यांची माणसे असतात.

वसईच्या तहानंतर (१८०२) इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी येथे पडली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच निघाली व दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली (पहा : कोरेगाव भीमा). छावणी पुढे उठली, दफनभूमी राहिली. तीत १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. ब्रिटिश काळातील जिल्हा गॅझेटिअरनुसार आसपासचे गावकरी त्याला सत्पुरुष मानून कबरीला नवस बोलत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत. ब्राह्मण व मारवाडी तेवढे यात नसत. परक्या फौजेच्या अधिकाऱ्याला गावदेवांच्या पंगतीत बसवणारी गावे थोडी. या नोंदीत छावणीला एवढी जागा मिळाली ती लढाईपेक्षा या कबरीमुळे.

पुणे–सोलापूर लोहमार्ग शेजारच्या दौंडवरून गेला (१८५८–६०), १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि शिरूरला रेल्वे आलीच नाही. दौंडची वस्ती जंक्शनभोवती वाढली : रेल्वे वसाहत, अँग्लो-इंडियन कुटुंबे, पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे तळ. शिरूर मात्र रस्त्याचे गाव राहिले. त्याचा दिवस एसटी स्थानकाभोवती फिरतो. सकाळी पुण्याकडे जाणारे नोकरदार, दुपारी कचेरीच्या कामाला आलेले शेतकरी, संध्याकाळी कॉलेजची मुले. वडापाव, भेळभत्ता आणि चहा यांना तिन्ही वेळा गिऱ्हाईक.

घरचे खाणे बाजरीची भाकरी, मटकी, पिठले, ठेचा; जत्रेला मटण. शाकाहारी पाहुणचाराचा मान मासवडीचा. नावात मासा असला तरी पदार्थ बेसनाचा. तिखट-मिठाचे घट्ट पिठले हाटून ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापतात. त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण व कोथिंबीर यांचे सारण पसरतात, फडक्यानेच वळकटी करून कडा दाबतात, निवल्यावर तिरक्या वड्या पाडतात. हात भाजायची तयारी नसेल तर पिठले आळते आणि वळकटीला चिरा जातात. वडी रश्श्यात आधी टाकायची नाही, ताटात घेतल्यावर रस्सा वर ओतायचा. महामार्गावरच्या ढाब्यांनी हा पदार्थ उचलला आहे. पातळ, झणझणीत काळा रस्सा मात्र घरचाच चांगला. थंडीत ज्वारीचा हुरडा असतो; मोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मोराची चिंचोलीला तेव्हा पुण्याहून पर्यटक येतात.

तालुक्याची खरी करमणूक यात्रेत. चैत्र-वैशाखात गावोगाव देवाची पालखी, पुरणपोळीचा नैवेद्य, गोडीशेव-रेवड्यांची दुकाने, कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा व सकाळी त्याच्याच हजेऱ्या, असा क्रम ठरलेला. बैलगाडा शर्यतीला मान सर्वांत मोठा. धाव ज्या चढावर होते तो ‘घाट’, प्रत्येक धाव ही ‘बारी’. पुढे घोडी, मागे बैलांच्या जोड्या, हवेत भंडारा आणि ध्वनिक्षेपकावर निवेदकाचे लांबवलेले ‘भिर्रर्र’. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींना मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळातही शर्यतीचे बैल विकायला मन न झालेले गाडामालक या भागात पुष्कळ.

तमाशाला लागणारे वग आणि गीतेही याच तालुक्यातून गेली. कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी अनेक फडांसाठी लेखन केले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. दौंड तालुक्यात चौफुल्याची कलाकेंद्रे आहेत, पण तेथील प्रकार वेगळा : ढोलकी-फड नव्हे, तर पेटी-तबल्यावरची संगीतबारी, फर्माईश आणि दौलतजादा.  

गुटखा उद्योजक रसिकलाल धारिवाल (१९३९–२०१७) मूळचे शिरूरचे. घरच्या विडी व्यवसायातून त्यांनी माणिकचंद गुटखा उभा केला. ते शिरूरचे नगराध्यक्षही होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे हिंदी चित्रपटांचा फिल्मफेअर पुरस्कार सोहळा ‘माणिकचंद फिल्मफेअर’ या नावाने होत असे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. शिरूर लोकसभा मतदारसंघातून २०१९ व २०२४ मध्ये अभिनेते अमोल कोल्हे निवडून आले. छत्रपती संभाजी महाराजांच्या भूमिकेने ते घराघरांत पोहोचले होते, आणि महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक याच तालुक्यात आहे.

तालुक्यातील पाबळ येथे मस्तानीची कबर व १९८३ मध्ये डॉ. श्री. शं. कलबाग यांनी स्थापन केलेला विज्ञान आश्रम आहे. रांजणगावचा गणपती अष्टविनायकांपैकी एक (पहा : रांजणगाव गणपती).

ऊस, कांदा, ज्वारी, बाजरी ही मुख्य पिके. रांजणगावला औद्योगिक वसाहत, न्हावऱ्यास सहकारी साखर कारखाना.