उंदरांचे केस आणि माझं मनगट : कमजोर लेसरची गोष्ट

तुम्ही हा एपिसोड बहुतेक फोन हातात धरूनच ऐकताय, म्हणून सुरुवात मनगटापासून करू. मागे एका रिलीजच्या धावपळीत माझं उजवं मनगट चांगलंच धरलं. फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "दहा सिटिंग लेसर घेऊया." पेनासारखं यंत्र, एक लाल ठिपका. ना चटका, ना ऊब. मनात आलं, हे खरंच काही करतंय, की नुसतेच पैसे जातायत? शोधत शोधत मी पोचलो १९६७ च्या बुडापेस्टमध्ये.

त्याआधी सात वर्षं, १६ मे १९६० ला, कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी रुबीच्या स्फटिकातून पहिला लेसर काढला. डॉक्टर मंडळींनी तो लगेच हाती घेतला. बॉस्टनमध्ये पॉल मॅकगफ यांनी लेसरने प्राण्यांच्या शरीरातल्या कॅन्सरच्या गाठी नष्ट करायचे प्रयोग केले. म्हणजे लेसरचं काम काय, तर जाळणं, कापणं.

हंगेरीचे सर्जन एंद्रे मेश्टर यांनाही लेसर आणि कॅन्सरचाच अभ्यास करायचा होता. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढले आणि दोन गट केले. एका गटावर रुबी लेसर मारला, दुसऱ्यावर नाही. पण त्यांचा लेसर बॉस्टनच्या मानाने फारच कमजोर होता. गाठीबिठी काही जळल्या नाहीत. एक भलतीच गोष्ट मात्र दिसली : लेसर मारलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले!

आपल्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, कॉन्फिग वेगळा, म्हणून आउटपुट उलटा. दुसरा कोणी असता तर "मशीनच बेकार" म्हणून प्रयोग गुंडाळला असता. मेश्टर मागे लागले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमांच्या पेशंटवर हाच मंद प्रकाश वापरला. तिथून हा उपचार सांधे, स्नायू आणि स्नायुबंधांच्या दुखण्यापर्यंत पोचला.

हे चालतं कसं? सध्या सर्वात जास्त मानलं जाणारं उत्तर असं : लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम शोषून घेतं आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते. गंमत अशी की डोस कमी पडला तर काहीच होत नाही आणि जास्त झाला तर फायदा उलट घटतो. जास्त म्हणजे चांगलं, हे गणित इथे चालत नाही.

म्हणूनच अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत. २००९ मध्ये 'लॅन्सेट'ने मानदुखीवरच्या १६ चाचण्यांचा, म्हणजे ८२० पेशंटचा आढावा छापला. त्यात वेदना कमी झालेल्या दिसल्या. कंबरदुखीत मात्र पुरावा इतका भक्कम नाही.

तेव्हा कोणी लेसरचं पॅकेज सुचवलं तर सरळ विचारा : वेव्हलेंग्थ किती? एका जागी किती ज्यूल? माझ्याच दुखण्यावर याचा पुरावा आहे का? आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. विचारायला लाजू नका, पैसे आपले आणि हातही आपलाच.

माझं मनगट? बरं झालं. पण त्याच काळात मी व्यायाम केला, रात्रीचं टायपिंगही बंद केलं. त्यामुळे श्रेय नक्की कोणाचं, हे मला सांगता येत नाही. मेश्टरांकडे उंदरांचा दुसरा गट होता. माझ्याकडे दुखणारं मनगट एकच होतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर फोन जरा खाली ठेवा!